रात्री तापणाऱ्या विटा

अप्पा, हॉलमधला हीटर लावायचा की नाही, हे मला आज संध्याकाळीच ठरवायचं आहे. तुम्हाला तर माहीतच आहे, त्याच्याकडे उद्याची ऊब आजच मागून ठेवावी लागते. उद्या सकाळी कुडकुडत बटण दाबलं तर तो ढिम्म हलणार नाही. आणि उद्या इथे भयंकर थंडी पडणार आहे म्हणे. शेजारच्या ब्रीडाबाई मुद्दाम दारात येऊन सांगून गेल्या, “इट्स गोइंग टु बी बॉल्टिक, लव्ह. यू’ल हॅव द हीट ऑन, वोन्ट यू?” मी मान हलवली. जुईला खोकला आहे. निखिल तुमच्या अस्थी घेऊन साताऱ्याला गेलाय. घरात मी आणि तुमची नात, दोघीच. हॉलमधला हीटर तुम्ही गेलात त्या दिवसापासून बंद आहे, कारण मी तो कुणाला लावू देत नाही.

सगळ्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मी घाबरलेली आहे. सासऱ्यांच्या आठवणीत लिहायला बसलेल्या सुनेने हे असं लिहायचं नसतं बहुतेक. पण तुमच्याशी खोटं बोलून काय उपयोग? घाबरण्याच्या विषयात तुमचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी मोठा.

तुम्ही आयर्लंडला, आमच्या नास गावी आलात तेव्हा पानं गळायला लागली होती. आल्याआल्या तुम्ही घराची पाहणी केलीत आणि प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण आहे हे बघून खूश झालात. त्या दिवसापासून झोपायच्या आधी तुमची फेरी सुरू झाली. टीव्ही, टोस्टर, किटली, माझा चार्जर, सगळं बंद. साताऱ्यात गीझरचं बटण बंद आहे ना, हे दोनदा बघितल्याशिवाय तुम्ही अंथरुणाला पाठ टेकत नव्हता, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्यात नवीन काय, म्हणून मी लक्षच दिलं नाही.

आणि मग घर गारठलं. सकाळी उठावं तर नाकाचा शेंडा बधिर. हीटरना हात लावावा तर लोखंडाच्या कपाटासारखे थंडगार. निखिल डॉक्टर, मी सॉफ्टवेअरवाली, दोघांनी मिळून सगळी बटणं पिळून पाहिली. तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी उठून भिंतीवरचे स्विच इमानदारीत परत चालू करत होतात, त्यामुळे आम्हाला लाल दिवा पेटलेलाच दिसायचा. शेवटी घरमालकाने इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने एकेक हीटर तपासला आणि डोकं खाजवत म्हणाला, “देअर्स नथिंग राँग विथ देम. दे’र ग्रँड.” मग त्याला काहीतरी सुचलं. रात्री कुणी हे भिंतीवरून बंद तर करत नाही ना, असं त्याने विचारलं. मी तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, “रोज! एक दिवस चुकलं न्हाय, सांग त्याला.” मी सांगितलं. तो बिचारा जिन्यावर बसून हसायला लागला.

त्याने समजावून सांगितलं ते मी तुम्हाला जमेल तसं सांगितलं. या हीटरच्या पोटात विटा असतात. रात्री सगळे झोपतात, विजेला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती स्वस्त मिळते. तेवढ्या वेळात तो विटा तापवून घेतो आणि मग दिवसभर त्यांची ऊब थोडी थोडी सोडत राहतो. एवढं ऐकून तुमचा चेहरा उतरला.

“विटा? म्हणजे घरात भट्टी लावलीय म्हणा की.”

“अप्पा, भट्टी नाही हो.”

“आणि ती पेटणार कधी, तर आपण सगळी झोपल्यावर! आगं, माणूस झोपलेला असताना जी वस्तू जागी असते, तिचा काय भरवसा?”

“फ्रिज पण रात्रभर चालूच असतो की.”

“फ्रिज गार करतो. गार करणारी वस्तू पेट घेत न्हाय.”

 तो वाद तिथून सुरू झाला तो तुम्ही असेपर्यंत संपला नाही. मी म्हणायचे, अप्पा, इथे गल्लीतल्या निम्म्या घरांत हेच हीटर आहेत, माणसं वर्षानुवर्षं बिनधास्त झोपतायत. तुम्ही म्हणायचात, झोपू दे गल्लीला, माझी नात वर झोपलीय. मी चिडवायचे, तुम्ही रागावायचात, जुई तिच्या त्या आयरिश हेलात ओरडायची, “विल ये बोथ स्टॉप!” मग तिघंही चहा-दूध घ्यायचो.

वरवर तुम्ही नमतं घेतलंत. उलट हीटरचं खातं स्वतःकडे घेतलंत. उद्या थंडी किती, हे आज ओळखून हीटरचं वरचं चक्र फिरवायचं असतं, ते काम तुमचं झालं. तुम्ही अंगणात जाऊन आभाळ बघायचात, ब्रीडाबाईंच्या धुराड्याकडे बघायचात आणि आत येऊन ऐटीत चक्र फिरवायचात. तुमचा अंदाज हमखास चुकायचा. कधी आम्ही भर डिसेंबरात खिडक्या उघड्या टाकून घाम पुसत बसलो, कधी कोट घालून जेवलो. निखिल म्हणायचा, फोनवर हवामान दिसतं, अप्पा. तुम्ही म्हणायचात, फोनला काय कळतंय, तो खिशात असतो.

मग एके सकाळी निखिल नाइट ड्यूटीवरून आला आणि दार उघडताच किंचाळला. जिन्याच्या खालच्या पायरीवर तुम्ही बसलेले. कानटोपी, मफलर, अंगावर जुईची गुलाबी रजई, आणि पायाशी वाळूने भरलेली बादली. मी धावत खाली आले. तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात, “विजेच्या आगीवर पाणी चालत न्हाय. वाळू लागती.” पाटबंधारे खात्याच्या तुमच्या कचेरीत भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असायच्या, त्यावर ‘आग’ असं लिहिलेलं, आणि लोक त्यात पान थुंकायचे म्हणून तुम्ही हेडक्लार्क असताना सगळ्यांशी भांडला होतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्ही कित्येक रात्री असे बसत होतात. हीटर तापत असताना घरात एक माणूस जागा असावा म्हणून. आम्हाला वाटत होतं, वय झालं, म्हणून दुपारी झोपतात. जुई मागून येऊन म्हणाली, “अप्पा टुक ऑल माय सँड!” तिच्या खेळाच्या हौदातली वाळू होती ती.

निखिल त्या दिवशी तुमच्यावर फार ओरडला. इतका की मला मध्ये पडावं लागलं. तुम्ही जुईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत की यापुढे रात्री झोपेन. पाळलीत का हो? मला माहीत नाही. दुपारी मात्र तुम्ही तसेच गाढ झोपत राहिलात. तुमचं हृदय केव्हाचं थकलेलं होतं, जागरणाचा काही संबंध नाही, असं निखिल म्हणतो. तो डॉक्टर म्हणून बोलतो की मुलगा म्हणून, ते मी विचारत नाही.

त्या सकाळी निखिल झोपायला वर गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, “तुला कशाचीच भीती वाटत न्हाय का गं?” मी भांडी लावत होते. म्हटलं, “कशाची वाटायची, अप्पा?” तुम्ही मान हलवलीत, “बरंय,” म्हणालात आणि पेपर वाचायला घेतलात. पेपर परवाचा होता, आणि इंग्रजी. तुमचं ते ‘बरंय’ कौतुकाने होतं की काळजीने, हे विचारायचं राहून गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. मला सगळ्याची भीती वाटते. फोन वाजला की वाटते, नाही वाजला की जास्त वाटते. आणि सगळ्यात जास्त कशाची वाटते, ते कुणालाच सांगितलेलं नाही, निखिललासुद्धा नाही.

त्या दुपारी तुम्ही नेहमीसारखे हीटरशेजारच्या खुर्चीत होतात. मी पलीकडच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. बाहेर पाऊस नाही, ऊन नाही, तो इथला नेहमीचा राखाडी रंग. या घरातले माझे सगळ्यात चांगले तास तेच, अप्पा, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही येण्याआधी मी दिवसचे दिवस या खोलीत एकटी काम करायचे, स्क्रीनमधल्या माणसांशी तेवढी बोलायचे. तुम्ही आलात आणि खोलीत कुणीतरी घोरायला लागलं. मीटिंगमध्ये लोक विचारायचे, इज देअर अ डॉग? मी म्हणायचे, माय फादर-इन-लॉ. तुमच्या त्या घोरण्याने मला किती सोबत केली, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या दिवशी घोरणं नव्हतं. पण कधीकधी नसायचंही.

मी तुमच्याशी बोलत होते. सवयच होती, तुम्ही जागे असा नाहीतर झोपलेले. मीटिंग संपल्यावर त्या डब्लिनच्या बाईची नक्कल करून दाखवली. मग म्हटलं, जुईला शाळेत मेंढीचा पोशाख हवाय, कापूस कुठून आणू? मग म्हटलं, अप्पा, रात्री पिठलं करते. मग म्हटलं, झोपा, झोपा, कुंभकर्ण. उठून तुमच्यावर पांघरूण घातलं. तुमचा हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली सरकला होता, तो उचलून मांडीवर ठेवला. हात गरम होता. चांगला उबदार होता. मी गाणं गुणगुणत चहा ठेवायला गेले.

अॅम्ब्युलन्समधून आलेल्या माणसाने तुमच्याजवळ गुडघ्यावर बसून सगळं बघितलं आणि मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाला, “ही’ज गॉन अ गुड व्हाइल, आय’म अफ्रेड.” मी म्हटलं, पण ते गरम आहेत. दोनतीनदा म्हटलं. त्याने हीटरकडे बघितलं.

यात माझी काही चूक नव्हती, हे मला सगळ्यांनी समजावलंय, आणि मला ते पटलंय. मी चुकीबद्दल बोलतच नाही. मला हे कळत नाही की तुम्ही कुठल्या वाक्यापर्यंत होतात. नकलेला हसलात का मनात? पिठल्याचं ऐकलंत का? की मी पहिल्यापासून एकटीच बोलत होते? तुमचा हात माझ्या हातात होता आणि मला कळलं नाही. आयुष्यभर माणसं ज्यावरून जीव आहे की नाही ते ओळखतात, कपाळाला हात लावतात, हात हातात घेतात, ते सगळं माझ्या हाताने केलं आणि हाताने मला फसवलं. आता मी कशावर विश्वास ठेवू?

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. ब्रीडाबाई लगेच आल्या. “सॉरी फॉर युअर ट्रबल,” म्हणाल्या, मला जवळ घेतलं आणि सरळ जाऊन खिडकी उघडली. तुम्हाला बाहेर जायला वाट हवी म्हणून, अशी इथली जुनी रीत आहे म्हणे. अंत्यविधीची माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, खोली जरा थंड करता येईल का? मी पळत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. पण तुम्हाला माहीतच आहे, त्याने काय होतं? विटा रात्रीच तापलेल्या. बटण बंद, आणि हीटर आपला ऊब सोडतोय, सोडतोय. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. लोक तुम्हाला शेवटचं बघायला येत राहिले, अंगात कोट, हातात सँडविचेस, आणि तुमच्या शेजारी तो हीटर तसाच धगधगत. मला वाटलं मी त्याला हातोडा घालीन. काही केल्या थांबेना. संध्याकाळी तुम्हाला नेलं, त्यानंतरही तो कोमटच होता.

तेव्हापासून मी जुईला रोज झोपेत तपासते. कपाळावर हात ठेवत नाही. नाकाखाली बोट धरते आणि श्वास मोजते. एक श्वास आला की पुढच्याची वाट बघते, तो आला की त्याच्या पुढच्याची. ती वैतागते. “आई, स्टॉप इट, दॅट टिकल्स.” शाळेतून आली आणि सोफ्यावर लवंडली की मी हातातलं काम टाकून धावते. निखिल झोपला की त्याचंही तेच करते. तो जागा असतो बऱ्याचदा, तरी मला मोजू देतो.

आज निखिलचा फोन आला. मागे तुमच्या घरात माणसांचा गलका, कुणीतरी भांडी आपटत होतं.

“हॉलमधला हीटर लाव,” तो म्हणाला. “तिचा खोकला मला इथे ऐकू येतोय.”

“वरच्या खोलीत छोटा पंख्याचा हीटर आहे.”

“तो तू रात्री लावून झोपणार आहेस?”

“नाही.”

“मग? दिवसभर तिला पांघरुणात ठेवणार?”

 तोच मग म्हणाला, “हे बघ, मला पण त्या खोलीत जायला भीती वाटते. पण पोरीला थंडी वाजतेय यार.” आणि फोन तसाच धरून तो रडायला लागला, मागे तुमच्या बहिणीने त्याला हाक मारेपर्यंत.

आता अंधार पडलाय. जुई शेजारच्या खोलीत चित्रं काढतेय आणि खोकतेय. तुम्ही असतात तर बाहेर जाऊन धुराडं बघून आला असतात आणि चुकीचा आकडा लावला असतात. मला तुमचा चुकीचा आकडासुद्धा चालेल, अप्पा. मी हे लिहिणं थांबवून खाली जातेय. काय करीन, माहीत नाही.

*

लावला. चक्र शेवटपर्यंत फिरवलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि मी खोलीचं दार ओढून घेतलं. रात्रीचं काही लिहीत नाही. झोपले नाही, एवढंच.

सकाळी दार उघडलं तर खोली उबदार होती. दुसरं काही नव्हतं. खुर्ची, टेबल, तुमचा चष्मा. बाहेर सगळं पांढरं, शाळा बंद. जुई मोज्यांवर घसरत आत आली, तिथेच खेळली, तिथेच वरणभात जेवली. खोकला बराच कमी होता. मी मुद्दाम खुर्चीकडे बघत नव्हते, ती मात्र सरळ जाऊन त्यात चढून बसली. मी तिला उठवलं नाही.

दुपारी ब्रीडाबाईंनी फाटकापाशी हाक मारली. त्यांच्या मुलाने मिठाची पिशवी आणली होती, बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर टाकायला. हातमोजे घालायचं सुचलं नाही, तशीच गेले. मीठ पसरलं, दोन शब्द बोलले, परत आले.

जुई खुर्चीत झोपली होती. मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं, एक हात दांड्यावरून खाली लोंबणारा. अंगावर काही नाही. हीटर शेजारी तापलेला. अप्पा, मी दारातच थांबले. तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही.  काय बघायचं, श्वास बघायचा, हे मला पाठ आहे, पण मला तिची छाती दिसेना, डोळ्यांसमोर सगळं हलत होतं. मी कशीतरी पुढे गेले, वाकले आणि दोन्ही हात तिच्या मानेला लावले. मान गरम होती. ती गरम आहे हे कळलं आणि मी जास्तच घाबरले.

“आई!” ती ओरडली आणि खांदे आकसून घेतले. “युअर हँड्स आर फ्रीझिंग!”

मी हात मागे घेतले. माझेच हात. ती कुरकुरली, डोळे उघडलेच नाहीत. नुसतं बोट हीटरकडे केलं आणि म्हणाली, “वॉर्म देम फर्स्ट.” आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

मी खाली जमिनीवर बसले आणि दोन्ही हात हीटरला लावले. ते गरम व्हायला बराच वेळ लागला, अप्पा. तेवढा वेळ मी तिचे श्वास मोजले नाहीत.